जखमी फुटबॉलपटूला पुन्हा मैदानात कधी उतरवायचे?

दुखापत झाली की पहिला प्रश्न येतो, "किती आठवडे?" डॉक्टर अंदाज देतात, प्रशिक्षक ती तारीख फळ्यावर लिहून ठेवतो आणि त्या दिवशी खेळाडू बूट चढवून हजर होतो. आठवड्यांवरून एवढेच कळते की इजा भरून यायला किती वेळ मिळाला. त्या पायाला सामना झेपेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत. सामन्यात खेळाडूला जे जे करावे लागणार आहे, ते त्याने आधी सरावात मोजून करून दाखवलेले असले पाहिजे. सर्वांत वेगवान धाव, सर्वांत लांब किक, सर्वांत जोराची टक्कर, यांपैकी काहीही सामन्यात पहिल्यांदा घडता कामा नये.

निदान आणि उपचार डॉक्टर आणि फिजिओने करायचे. हा लेख त्यानंतरच्या टप्प्याचा आहे आणि नव्या प्रशिक्षकांसाठी, संघ व्यवस्थापकांसाठी आणि नुकतेच फुटबॉलकडे वळलेल्या फिजिओंसाठी लिहिला आहे. डोक्याला मार लागला असेल तर नियम वेगळे आहेत. त्यांचा भाग स्वतंत्र दिला आहे.

पायरी १: नेमके काय दुखावले, ते कागदावर आणा

कोणता पाय, स्नायू की सांधा की हाड, कोणत्या तारखेला, काय करताना, आणि याच जागी पूर्वी कधी लागले होते का, एवढे लिहा. शेवटचा प्रश्न विसरू नका. नव्या दुखापतीचा सर्वांत भरवशाचा इशारा म्हणजे त्याच जागची जुनी दुखापत.

"काय करताना" हेही तितकेच महत्त्वाचे. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू पूर्ण वेगात धावताना दुखावला, तर पहिले दोन दिवस खेळाडू जोरात लंगडतो, पण सुधारणा बहुधा लवकर दिसते. तोच स्नायू पाय उंच ताणून चेंडू काढताना दुखावला, तर सुरुवातीला फारसे काही वाटत नाही आणि पुढे मात्र वेळ खूप लागतो. अशी इजा बऱ्याचदा बसण्याच्या हाडाजवळ, कंडराच्या भागात असते. "फार दुखत नाहीये, दहा दिवसांत येईल" असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते तो दोन महिने बाहेर राहतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. दाबल्यावर कुठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगा आणि बसण्याच्या हाडापासूनचे अंतर नोंदवा. दुखरी जागा जितकी वर, तितका धीर जास्त धरावा लागतो.

पायरी २: टेबलावरच्या आणि जिममधल्या चाचण्या

धावायला सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी हव्यात: दाबल्यावर वेदना नाही किंवा नगण्य, सांध्याची हालचाल दुसऱ्या पायाइतकी, आणि ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास. साध्या साधनांनी मोजता येण्याजोग्या काही चाचण्या अशा:

घोट्यासाठी भिंतीची चाचणी घ्या. टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती दूर ठेवता येतो ते सेंटिमीटरमध्ये मोजायचे. दोन पायांत २ सेंमीहून जास्त फरक असेल तर घोटा अजून अडतो आहे.

पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणे, ठरावीक लयीत, थकेपर्यंत. दोन्ही पायांचा आकडा लिहा. उंची कमी होऊ लागली की मोजणे थांबवा, नाहीतर खेळाडू अर्धवट उचलून आकडा वाढवतो.

हॅमस्ट्रिंगसाठी एका पायाचा ब्रिज. पाठीवर झोपून टाच साधारण ६० सेंमी उंचीच्या खोक्यावर, गुडघा जेमतेम २० अंशांत वाकलेला, आणि नितंब वर-खाली. वीसच्या आत दमला तर कमकुवत, पंचवीस ठीक, तीसच्या पुढे चांगला.

जांघेसाठी दोन गुडघ्यांमध्ये चेंडू ठेवून पूर्ण जोराने दाबायला सांगा आणि वेदना ० ते १० मध्ये विचारा.

गुडघ्यासाठी एका पायावरची लांब उडी. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यांतली सर्वांत चांगली धरायची. दुखावलेल्या पायाच्या आकड्याला दुसऱ्या पायाच्या आकड्याने भागून १०० ने गुणायचे. ९० टक्क्यांच्या वर हवे, असा सर्वमान्य दंडक आहे.

या ९० टक्क्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एक तर महिनाभर घरी बसलेल्या खेळाडूचा चांगला पायही अशक्त झालेला असतो. दोन्ही पाय सारखेच कमकुवत असले तरी टक्केवारी छान येते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या संघाच्या चाचण्या घेऊन आकडे जपून ठेवावेत. नंतर तुलना त्या आकड्यांशी करता येते. दुसरे म्हणजे लांब उडीचे अंतर मुख्यतः कंबरेच्या सांध्याच्या आणि घोट्याच्या जोरावर गाठता येते. गुडघा अशक्त असूनही अंतर बरोबरीचे भरते. एका पायावर सरळ वर मारलेल्या उडीत ती चलाखी कमी चालते. उडी कोणतीही असो, पाय टेकताना गुडघा आत कोसळतो का, ते मोबाइलवर समोरून चित्रित करून पाहा.

चाचणीआधी २४ तास वेदनाशामक गोळी नको. गोळी घेऊन दिलेली चाचणी बाद समजा.

पायरी ३: धावणे, आणि सर्वांत शेवटी काय ठेवायचे

बहुतेक घोटाळे या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

सरळ रेषेतल्या हलक्या धावेपासून सुरुवात करा. मग वेग वाढवा, मग वळणे, मग अचानक थांबणे. एका दिवशी एकच गोष्ट वाढवा: वेग किंवा अंतर. दोन्ही एकदम वाढवले आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखला, तर कारण सापडत नाही. जोरदार धावांच्या दोन दिवसांमध्ये किमान ४८ तास ठेवा.

पुढे जायचे की थांबायचे, हे तीन वेळा विचारून ठरवा: करताना, त्याच रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना. करताना दहापैकी २ पर्यंतची वेदना, जी थांबल्यावर जाते, ती स्नायूच्या बाबतीत चालते. सकाळी ताठरपणा किंवा सूज वाढलेली असेल तर एक पायरी मागे. हाडाच्या इजेला ही सवलत नाही. फ्रॅक्चरच्या जागी नेमकी बोट ठेवता येईल अशी वेदना आली की काम तिथेच थांबवायचे आणि डॉक्टर गाठायचा. पायाच्या करंगळीकडच्या लांब हाडाचा फ्रॅक्चर याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. तिथला रक्तपुरवठा कमी असल्याने हाड नीट जुळण्याआधीच खेळाडूला बरे वाटू लागते.

आता वेगाचे बघू. "सत्तर टक्क्यांनी पळ" असे सांगितले तर एक खेळाडू रमतगमत जातो आणि दुसरा उधळतो. वेग मोजा. २० मीटर वेग पकडायला द्या आणि पुढचे २० मीटर मोजा. समजा खेळाडूचा कमाल वेग ताशी ३२ किमी आहे. मग ते २० मीटर तो २.२५ सेकंदांत कापतो. ७० टक्क्यांना ३.२१ सेकंद लागले पाहिजेत, ९० टक्क्यांना २.५ सेकंद आणि ९५ टक्क्यांना २.३७. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक बोटाने दाबायच्या स्टॉपवॉचला झेपत नाही. मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्या आणि दोन खुणांमधल्या फ्रेम मोजा: कमाल वेगाला १३५, ९० टक्क्यांना १५०.

हॅमस्ट्रिंगच्या खेळाडूने ९५ टक्क्यांच्या वरच्या काही धावा, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी, वेदनेशिवाय पूर्ण केल्याखेरीज पुढची पायरी नको. त्यातही काही धावा सत्राच्या शेवटी, पाय थकलेले असताना हव्यात.

प्रत्येक इजेची एक नावडती हालचाल असते. ती शेवटी आणायची, पण वगळायची नाही. हॅमस्ट्रिंगला कमाल वेग नको असतो. जांघेच्या स्नायूंना आडवी वळणे आणि आतल्या बाजूने मारलेला जोराचा पास. मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब किक आणि गोलवरचे फटके. पोटरीचे दुखणे एखाद्या धावेत दिसत नाही. ते अंतर साचल्यावर, सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांत डोके वर काढते. घोट्याला उडीनंतर कोणाच्या तरी पायावर पडणारा पाय. एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) शस्त्रक्रियेने जोडलेल्या गुडघ्याला ठरलेले वळण काहीच वाटत नाही. प्रतिस्पर्ध्याने हुलकावणी दिल्यावर क्षणात बदललेली दिशा जड जाते.

किकही मोजूनच. १० मीटरचे पास, मग २०, मग ३० ते ४० मीटरचे लांब चेंडू, सगळ्यांत शेवटी पूर्ण जोराचे फटके आणि कॉर्नर, दर सत्रात ठरावीक संख्येत. तीन आठवड्यांनी चेंडू पायाशी आलेला खेळाडू मोकळे सोडल्यास आनंदाच्या भरात पन्नास फटके मारतो आणि मांडी पुन्हा धरून बसतो.

पायरी ४: ठरलेल्यातून बेभरवशाकडे

शंकूंमधून पळणे म्हणजे फुटबॉल नव्हे. आधी ठरलेला मार्ग, मग प्रशिक्षकाच्या हाकेवर दिशा बदलणे, मग चेंडूसह, मग एकास एक, मग छोटे संघ, मग पूर्ण मैदान. पहिल्या एकदोन सत्रांत त्याला "जोकर" करा: ज्या संघाकडे चेंडू त्याच्या बाजूने खेळायचे, अंगाला अंग लावायचे नाही. त्यानंतर टॅकल आणि हवेतले चेंडू.

इथे एक सापळा आहे. पाचास पाचच्या खेळात वळणे आणि थांबणे भरपूर असते, पण जागाच नसल्यामुळे कमाल वेग कधी येत नाही. आठवडाभर छोट्या मैदानावर झकास खेळलेला विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) सामन्याच्या दहाव्या मिनिटाला ४० मीटर पळतो, आणि ती त्याची महिन्यातली पहिली खरी धाव असते. छोट्या खेळानंतर स्प्रिंट वेगळे करून घ्या.

जागेनुसार मागणीही बदलते. मैदानावरचा खेळाडू सामन्यात साधारण १० ते १२ किमी कापतो, पण विंगर आणि फुलबॅक (कडेचे बचावपटू) त्यातले बरेच वेगात कापतात. सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) उड्या, टक्कर आणि मागे वळून धावणे जास्त. गोलकीपरला बरोबर उलटे: अंतर थोडे, पण दुखऱ्या खांद्यावर झेप, अंगावर पडणे आणि गोलकिक. "फुटबॉलसाठी फिट" असा सरसकट शिक्का त्यामुळे फारसा कामाचा नाही. कोणत्या जागेसाठी फिट, ते लिहा.

संघाबरोबर पूर्ण सराव किती करावा? युरोपातल्या व्यावसायिक क्लबांच्या अनेक हंगामांच्या नोंदींत असे दिसले की परतल्यावर पहिल्या सामन्यापूर्वीच्या प्रत्येक पूर्ण सत्रामागे पुन्हा जखमी होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटते. आम्ही सुचवतो तो ठोकताळा असा: आठवडाभराच्या दुखण्यानंतर किमान दोन पूर्ण सत्रे, तीन-चार आठवड्यांनंतर पाच-सहा, आणि काही महिन्यांनंतर कित्येक आठवड्यांचा सराव अधिक एखाददुसरा सराव सामना. "सरावाला गुरुवारी आला, शनिवारी खेळवला" हा नमुना सर्वांत धोक्याचा.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र तारखेलाही मान द्यावा लागतो. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणे जितके महिने लांबवले, तितक्या महिन्यांगणिक ते जवळपास निम्म्याने घटत गेले. नऊ महिने आणि सगळ्या चाचण्या, दोन्ही हव्यात. सहाव्या महिन्यात मैदानात उतरणे म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधणे. लिव्हरपूल आणि नेदरलँड्सचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकला ऑक्टोबर २०२० मध्ये ही दुखापत झाली आणि २०२१ च्या उन्हाळ्यातल्या युरो स्पर्धेतून त्याने स्वतःहून माघार घेतली. जुलैमध्ये क्लबच्या सराव सामन्यांतून तो परतला.

पायरी ५: खेळाडूच्या मनात काय आहे

"खेळशील का?" या प्रश्नाला जवळपास प्रत्येक खेळाडू होच म्हणतो. जागा जाईल या भीतीने तो ताकास तूर लागू देत नाही. प्रश्न प्रशिक्षकासमोर विचारू नका आणि हो-नाहीचा विचारू नका. "पन्नास-पन्नास चेंडूवर (जो दोघांपैकी कोणालाही मिळू शकतो) पूर्ण जोराने जाशील याची खात्री दहापैकी किती?" "त्या पायावर उतरताना आधी विचार येतो का?" असे विचारा. उत्तर सातच्या खाली असेल तर कारण शोधा.

शब्दांपेक्षा खेळ जास्त सांगतो. तो चेंडू नेहमीपेक्षा लवकर सोडतो का? एकाच पायावरून उडी घेतो का? टॅकलच्या क्षणी अर्धे पाऊल मागे राहतो का? बिचकणारा खेळाडू नेमक्या चुकीच्या वेळी थांबतो आणि मग इजा भलतीकडेच होते.

पायरी ६: निर्णय कोणाचा

तीन प्रश्न, याच क्रमाने. इजा कितपत भरली आहे? या सामन्याचा त्या जागेवर किती ताण येणार आहे? आणि उरलेली जोखीम घेण्याजोगी आहे का? पहिल्याचे उत्तर डॉक्टर आणि फिजिओ देतात, दुसऱ्याचे फिजिओ आणि प्रशिक्षक मिळून. तिसऱ्यात खेळाडूचा आवाज सर्वांत मोठा हवा, कारण पाय त्याचा आहे. डोके, न जुळलेले हाड आणि निसटणारा सांधा या तीन बाबतींत डॉक्टरांचा नकार अंतिम, त्यावर कोणाची घासाघीस नको. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तिसरा प्रश्न विचारायचाच नाही: शंका असेल तर बाहेर.

फिजिओनेही नुसते "चालेल" म्हणू नये. "पूर्ण वेग दोनदा झाला, सराव सत्रे तीन, सुचवलेली मिनिटे ३०, पुन्हा झाले तर सहा ते आठ आठवडे जातील" असे सांगितले तर प्रशिक्षकाला तोलता येते. हा निर्णय सामन्याच्या आदल्या दिवशी, चाचणीनंतर व्हावा. सामन्याआधीच्या वॉर्मअपमध्ये "बघू या" म्हणणे म्हणजे निर्णय गर्दीच्या आवाजावर सोपवणे.

मोठा सामना असला की जोखीम घेतली जाते, आणि कधी कधी ती घेणे रास्तही असते. पण हिशेब पूर्ण मांडा. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदने मांडी दुखावलेल्या दिएगो कोस्ताला सुरुवातीपासून उतरवले; नवव्या मिनिटाला तो बाहेर आला. तेव्हा एका संघाला तीनच बदल मिळत. त्यातला एक तिथेच गेला आणि सामना पुढे जादा वेळेत जाऊन हातचा निसटला. जखमी खेळाडू खेळवण्याची किंमत त्याच्या पायापुरती नसते.

पायरी ७: पहिली मिनिटे

१५ ते ३०, मग ६०, मग ९०, ही नेहमीची चढण. बदली म्हणून उतरवणे सुरक्षित वाटते, पण त्यात दोन अडचणी आहेत: तासभर बसून पाय थंड होतात, आणि सत्तराव्या मिनिटानंतर दमलेले संघ विखुरतात, मोकळ्या जागेतल्या लांब धावा वाढतात. उतरवण्याआधी किमान दहा मिनिटांचा वॉर्मअप आणि त्यात दोन-तीन वेगवान धावा हव्यात. मध्यंतराला उतरवणे त्यामानाने सोयीचे. सुरुवात करून देऊन ठरलेल्या मिनिटाला काढणे हाही चांगला मार्ग, फक्त तो छान खेळतो आहे म्हणून मिनिटे वाढवायची नाहीत. शेवटचा बदल कधीही त्याच्यावर खर्च करू नका. तो बसला तर संघ दहा जणांचा होतो.

डोक्याचा मार

डोक्याला धक्का बसून गोंधळल्यासारखे, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, धूसर दिसणे, आठवणीत खंड, यांपैकी काहीही दिसले की खेळाडू बाहेर आणि त्या दिवशी परत नाही. "मी ठीक आहे" या त्याच्या शब्दाला इथे किंमत नाही. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर टक्कर झाल्यावरही काही मिनिटे खेळत राहिला आणि त्याने पंचांनाच विचारले, हा अंतिम सामना आहे का? मान दुखणे, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा शुद्ध हरपणे दिसले तर थेट रुग्णालय.

पहिले २४ ते ४८ तास शांतपणे घ्यायचे, स्क्रीन कमी. मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नाही, हलके चालणे चालते. त्यानंतर सहा टप्पे: रोजची साधी कामे, हलका ते मध्यम व्यायाम, एकट्याने फुटबॉलच्या हालचाली, टक्कर नसलेला संघाचा सराव, पूर्ण सराव, सामना. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. लक्षणे स्पष्ट वाढली तर थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. टकरीच्या सरावाआधी लक्षणे पूर्ण गेलेली आणि डॉक्टरांची परवानगी मिळालेली हवी. ज्या संघाबरोबर डॉक्टर नसतो त्याने जास्त सावध राहावे. ब्रिटनच्या २०२३ च्या स्थानिक खेळांसाठीच्या नियमावलीत २१ दिवसांच्या आत सामना नाही. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, सर्वांत शेवटी.

सामन्यानंतर

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पायरी २ मधली त्या इजेची चाचणी पुन्हा घ्या. आकडा घसरला असेल तर पुढच्या सामन्याची मिनिटे कमी करा. हॅमस्ट्रिंग उलटायचे असेल तर ते बहुधा परतल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत उलटते, म्हणून ताकदीचे व्यायाम, विशेषतः नॉर्डिक (गुडघ्यांवर टेकून, टाचा धरून ठेवलेल्या असताना शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा व्यायाम), त्या काळात बंद करू नका. आता खेळतोय म्हणून जिम सोडणे ही नेहमीची चूक. तीन दिवसांत दुसरा सामना आला तर त्यात त्याला बसवा, मग पहिल्यात तो कितीही चांगला खेळलेला असो.

आणि सामन्यात त्याच जागी चमक निघाली, तर "पाच मिनिटे बघू" नको. हॅमस्ट्रिंगची पहिली ओढ जाणवताच बाहेर आलेल्याचे थोडक्यात निभावू शकते. तसाच दामटून पुढची धाव घेणारा महिना-दोन महिने गमावू शकतो. बदलाची खूण कोणती, ती त्याला, प्रशिक्षकाला आणि कर्णधाराला आधीच सांगून ठेवा.